मोजून पाहणाऱ्या कमलाबाई

मैत्रिणींनो, दुर्गाबाई भागवत हे नाव आपल्यापैकी बहुतेकींना माहीत असतं. १९७५ साली आपल्या शेजारच्या कराडला मराठी साहित्य संमेलन झालं, त्याच्या त्या अध्यक्षा होत्या. आणीबाणीच्या दिवसांत त्या निर्भयपणे बोलल्या, तुरुंगातही गेल्या. कोल्हापूर-सांगलीकडची जुनी माणसं अजून ती आठवण काढतात. पण दुर्गाबाईंना एक धाकटी बहीण होती, ती मोठी शास्त्रज्ञ होती आणि तिने आयुष्यभर जे शोधलं ते थेट आपल्या चुलीपाशी, आपल्या ताटात येऊन पोचतं, हे किती जणींना ठाऊक आहे? त्या बहिणीचं नाव डॉ. कमला सोहोनी. माहेरच्या कमला भागवत.

मी काही विज्ञानाची विद्यार्थिनी नव्हे. बी.ए. झाले, संसाराला लागले, आणि मुलं मोठी झाल्यावर महिला मंडळाच्या आणि बचत गटांच्या कामात पडले. करवीर तालुक्यातल्या गावांमधून आम्ही बायकांच्या रक्ततपासणीची शिबिरं घेतो, त्या निमित्ताने आहाराविषयी वाचायला लागले. वाचता वाचता कमलाबाई भेटल्या आणि मनात घर करून बसल्या. त्यांची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी असं वाटलं, म्हणून हा खटाटोप.

कमलाबाईंचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. घर मराठी, शिकलेलं. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघांचंही शिक्षण बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत झालेलं. आजही देशातली एक नंबरची मानली जाणारी ही संस्था. ज्या घरात वडील आणि काका रसायनांबद्दल बोलतात, तिथल्या मुलीला त्याच वाटेने जावंसं वाटलं तर नवल ते काय! कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र हा मुख्य विषय आणि पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन १९३३ साली बी.एस्सी. केलं. नुसतं केलं नाही, तर विद्यापीठात पहिल्या आल्या.

आता पुढचं शिक्षण कुठे घ्यायचं हा प्रश्नच नव्हता. वडील आणि काका जिथे शिकले, तिथेच. बंगळूरला अर्ज गेला. आणि उत्तर आलं, प्रवेश नाही!

त्यावेळी संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवलेले, साऱ्या देशाला ज्यांचा अभिमान वाटावा असे. त्यांनी अर्ज नाकारला, कारण काय? तर अर्जदार मुलगी आहे. गुण कमी म्हणून नाही, तयारी कच्ची म्हणून नाही. बायकांना संशोधन जमणार नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. एखादी वस्तू तराजूत न घालताच हलकी आहे म्हणून बाजूला टाकावी, तसंच हे झालं. आणि ते करणारा माणूस कोण, तर ज्याचं सगळं आयुष्य मोजमाप करण्यात गेलं तो शास्त्रज्ञ!

दुसरी एखादी मुलगी रडून घरी बसली असती. घरच्यांनीही म्हटलं असतं, जाऊ दे बाई, मुंबईतच काहीतरी बघू. पण तो काळ गांधीजींचा होता. बावीस वर्षांच्या या मुलीने सरळ बंगळूर गाठलं आणि मी पहिली आलेली असताना मला का नाकारता, असं रामन यांना तोंडावर विचारलं. प्रवेश मिळेपर्यंत दारातून हलणार नाही म्हणून सत्याग्रहच मांडला. शेवटी रामन नमले, पण पुरते नाहीत. त्यांनी तीन अटी घातल्या. एक, पहिलं वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना होणार नाही, कामाचा दर्जा पाहून मग ठरवू. दुसरी, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावं लागेल. आणि तिसरी, तुझ्यामुळे प्रयोगशाळेतल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये!

वाचताना संताप येतो की नाही? कमलाबाईंनाही आला. हा अपमान फक्त आपला नाही, सगळ्या बायकांचा आहे, हे त्यांना कळत होतं. म्हातारपणी, मुंबईत महिला शास्त्रज्ञांच्या मेळाव्यात त्यांनी ही सल बोलूनही दाखवली होती. पण त्या वेळी त्यांनी अटी मान्य केल्या. कारण आत शिरल्याशिवाय काही सिद्ध करता येणार नव्हतं.

तिथे त्यांना श्रीनिवासय्या नावाचे मार्गदर्शक लाभले. शिस्तीचे कडक, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी काम सुरू केलं ते दूध आणि डाळी-कडधान्यं यांमधल्या प्रथिनांवर. हे लक्षात घ्या हं. त्या काळात संशोधन म्हटलं की मोठमोठे विषय डोळ्यांसमोर यायचे. आणि ही मुलगी अभ्यास कशाचा करते, तर डाळींचा! पण आपल्या देशात कोट्यवधी माणसांना मांस-मासे, अंडी परवडत नाहीत. त्यांचं सगळं बळ डाळीवर आणि मिळालंच तर दुधावर. मग त्या डाळीत नेमकं काय आहे, किती आहे, आणि पोटात गेल्यावर अंगी किती लागतं, हे कुणीतरी पाहायला नको का?

वर्षभराने रामन यांचं समाधान झालं आणि त्यांना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळाली. १९३६ साली मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. त्यांनी विशेष प्रावीण्यासह मिळवली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांचं काम पाहून रामन यांनी संस्थेचे दरवाजे पुढे इतर मुलींनाही उघडले. एकीने सोसलं आणि मागच्या अनेकींची वाट मोकळी झाली.

एम.एस्सी.नंतर शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. न्यूनहॅम या मुलींच्या कॉलेजात त्यांचा मुक्काम. केंब्रिज म्हणजे विद्येचं माहेरघर खरं, पण तिथेही बायकांची परिस्थिती काही फार वेगळी नव्हती. बायकांना विद्यापीठाचं पूर्ण सदस्यत्व तिथे १९४८ साली मिळालं. म्हणजे आपल्याला स्वातंत्र्य मिळाल्यानंतर! तरीही प्रयोगशाळेतलं वातावरण कमलाबाईंना मोकळं वाटलं. आधी डेरेक रिक्टर, मग रॉबिन हिल अशा शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी काम केलं. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ साली नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांचा तो विभाग.

तिथे त्यांनी लावलेला शोध समजायला थोडा अवघड आहे, पण मला समजला तसा सांगते. आपण जेवतो, त्या अन्नाची शरीरात शक्ती होते. ही शक्ती तयार होते ती शरीरातल्या अगदी सूक्ष्म पेशींच्या आत. गावात आग लागली की माणसं विहिरीपासून घरापर्यंत रांग लावतात आणि पाण्याची बादली एका हातातून दुसऱ्या हातात देतात, तशी पेशीत एक रांग असते. त्या रांगेतून विजेचे अतिसूक्ष्म कण, ज्यांना इलेक्ट्रॉन म्हणतात, पुढे पुढे दिले जातात आणि त्यातून शक्ती निर्माण होते. या रांगेतला एक महत्त्वाचा गडी म्हणजे सायटोक्रोम सी. कमलाबाईंनी साध्या बटाट्यावर काम करताना दाखवून दिलं की हा सायटोक्रोम सी वनस्पतींच्या पेशींतही असतो आणि त्यांच्या श्वसनात त्याचं काम असतं. म्हणजे माणूस असो, गाय असो नाहीतर शेतातला बटाटा, अन्नाची शक्ती करण्याची रीत सगळ्यांची मुळात एकच!

आणि यातली आपल्या कामाची गोष्ट अशी की या सायटोक्रोमच्या पोटात लोह असतं. आपल्या रक्ताला लाल करणारं हिमोग्लोबिनही लोहाचंच. अंगात लोह कमी पडलं की दम लागतो, पायात गोळे येतात, काम सुधरत नाही, त्याचं कारण इतकं खोलवरचं आहे.

हा शोध त्यांनी चौदा महिन्यांत पूर्ण केला. प्रबंध किती पानांचा? फक्त चाळीस! जाडजूड प्रबंधांच्या त्या जगात एवढीशी वही, पण काम असं चोख की १९३९ साली त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना त्याआधी, १९३१ साली, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली होती, तेही इथे सांगायला हवं. दोघीही आपल्याच. पहिली कोण यावरून भांडण नको, दोघींनी वाट पाडली हे महत्त्वाचं.

इंग्लंड-अमेरिकेत राहिल्या असत्या तर कमलाबाईंना काय कमी होतं? पण त्या १९३९ मध्येच परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सुरू होत होता, तिथे प्रमुख झाल्या. तिथून गेल्या त्या दक्षिणेत निलगिरी डोंगरातल्या कुन्नूरला. तिथे आहारावर संशोधन करणारी देशातली नामांकित प्रयोगशाळा होती. कमलाबाई तिच्या सहायक संचालक झाल्या आणि जीवनसत्त्वांवर काम केलं. हीच प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला हलली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपाला आली. आज अंगणवाडीच्या भिंतीवर कोणाला किती प्रथिनं, किती लोह हवं याचे तक्ते दिसतात ना, ते आकडे या संस्थेतून येतात.

१९४७ साली त्यांचं लग्न झालं. यजमान मा. वि. सोहोनी हे विमा गणितातले तज्ज्ञ. कमलाबाई मुंबईला आल्या. आपल्याकडे लग्न झालं की बाईचं शिक्षण माळ्यावर जातं. कमलाबाईंचं तसं झालं नाही. मुंबईच्या विज्ञान संस्थेत, म्हणजे तेव्हाच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून त्या रुजू झाल्या. आणि इथून त्यांच्या आयुष्यातलं, माझ्या मते, सगळ्यात मोलाचं काम सुरू झालं. ते काम नीरेचं.

नीरा आपण सगळ्यांनी प्यायली आहे किंवा निदान ऐकली तरी आहे. ताड, माड, शिंदी या झाडांना चीर देऊन मडकं बांधतात, त्यात रात्रभर रस थेंब थेंब जमतो. पहाटे उतरवलेला ताजा रस म्हणजे नीरा. गोड, थंडगार. मडक्याला आतून चुन्याचा हात दिला तर रस लवकर आंबत नाही. उन्हं वर आली आणि रस तसाच राहिला की तो आंबतो आणि त्याची ताडी होते. एकच रस, सकाळी पेय आणि दुपारी नशा!

मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. ताडी काढून पोट भरणाऱ्या कुटुंबांपुढे प्रश्न उभा राहिला. त्याच झाडांची नीरा ताजी विकली, नाहीतर आटवून तिचा ताडगूळ केला, तर पोटही भरेल आणि व्यसनही लागणार नाही, असा विचार गांधीजींच्या मार्गाने जाणारी माणसं करत होती. पण नीरा खरंच पौष्टिक आहे का, की नुसतं साखरेचं पाणी? राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी सुचवलं आणि कमलाबाईंनी हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला.

इथे कमलाबाईंचा स्वभाव दिसतो. नीरा चांगली असं गांधीवादी म्हणत होते. नीरा म्हणजे ताडीची बहीण, तिला घरात आणू नये असं दुसरे म्हणत होते. कमलाबाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि मोजायला बसल्या. विद्यार्थ्यांना हाताशी धरून वर्षानुवर्षं नमुने तपासले. तपासणीत दिसलं की नीरेत लोह आहे, क जीवनसत्त्व आहे, अ जीवनसत्त्वही आहे. आणि नीरा आटवून गूळ किंवा काकवी केली तरी हे गुण बऱ्यापैकी टिकतात.

बरं, बाटलीत सापडलं म्हणजे माणसाच्या अंगी लागतंच असं नाही. म्हणून मग आदिवासी भागातली अंगाने खंगलेली, वाढीच्या वयातली मुलं आणि गरोदर बायका यांच्या रोजच्या आहारात नीरा देऊन पाहण्यात आली. त्यांची तब्येत चांगली सुधारली. झाडावरून उतरलेला, पैशाला स्वस्त, गरिबाच्या हाताशी असलेला हा रस, त्याचं मोल पहिल्यांदा आकड्यांनी सिद्ध झालं. या कामासाठी कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आपण कोल्हापूरकर. गुळाच्या गावची माणसं. गुऱ्हाळावर जाऊन गरम काकवी खाल्ली नाही असं माणूस आपल्याकडे सापडायचं नाही. म्हणून हे काम मला विशेष जवळचं वाटतं. पण त्याचबरोबर एक सावधगिरीही सांगते. नीरा काय, ताडगूळ काय, आपला उसाचा गूळ काय, यांत साखर असतेच. मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि चहात गूळ घातला म्हणजे रक्त वाढलं, अशा भ्रमात तर कुणीच राहू नये. गूळ आपण खातो केवढासा! त्यातून मिळणारं लोह तेवढंच थोडं. त्याने एकट्याने भागत नाही. त्याला डाळी, पालेभाज्या, नाचणी, तीळ, जमत असेल त्यांनी अंडी-मांस, आणि डॉक्टरांनी दिल्या असतील तर लोहाच्या गोळ्या, असं सगळं लागतं.

डाळींचा धागाही कमलाबाईंनी शेवटपर्यंत सोडला नाही. आपण खाल्लेली प्रथिनं पचवण्यासाठी पोटात एक पाचकरस असतो, त्याला ट्रिप्सिन म्हणतात. कच्च्या कडधान्यांत या ट्रिप्सिनला अडवणारा पदार्थ असतो. म्हणजे डाळीत प्रथिनं भरपूर, पण तीच डाळ ती प्रथिनं पचू देत नाही, असा उलटा प्रकार! कमलाबाईंच्या प्रयोगशाळेने आपल्या देशी खाद्यपदार्थांत हा अडथळा कुठे कुठे आहे ते तपासलं. वालातला आणि डबल बीमधला हा पदार्थ त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने स्फटिकाच्या रूपात वेगळा काढून दाखवला. १९५५ साली ‘नेचर’ या जगात मान असलेल्या विज्ञान नियतकालिकात तो निबंध छापून आला. आपल्या बिरड्याच्या वालांना जगाच्या विज्ञानात जागा मिळाली, म्हणा ना!

याचा आपल्या स्वयंपाकघरात काय उपयोग? खूप आहे. हा अडथळा उष्णतेने बहुतांशी नाहीसा होतो. म्हणूनच कडधान्यं रात्री भिजत घालणं, मोड आणणं आणि नीट शिजवणं ही आपल्या आज्या-पणज्यांची रीत शहाणपणाची होती. मोड आल्याने क जीवनसत्त्व वाढतं आणि लोह अंगी लागायला मदत होते, आणि शिजवल्याने प्रथिनं पचायला सोपी होतात. हल्ली मोड आलेली कडधान्यं कच्चीच खायची टूम निघाली आहे. मूठभर मूग ठीक आहेत, पण वाल, पावटा, डबल बी कधीही कच्ची खाऊ नयेत. लहान मुलांना तर नीट शिजवूनच द्यावीत. उसळीवर लिंबू पिळावं, जेवणाबरोबर चहा घेऊ नये. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह शोषलं जातं आणि चहाने ते अडतं.

एवढं काम केलेल्या बाईला मान लगेच मिळाला असेल असं तुम्हाला वाटेल. पण नाही! विज्ञान संस्थेच्या संचालकपदावर हक्क असूनही चार वर्षं त्यांना त्या खुर्चीपासून दूर ठेवलं गेलं, असं सांगितलं जातं. १९३३ साली दारात अडवलेली मुलगी तीसेक वर्षांनी पुन्हा एका दारात थांबलेली. अखेर त्या संचालक झाल्याच. एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेची धुरा एका बाईकडे आली याचं कौतुक त्यांचे केंब्रिजचे जुने मार्गदर्शक रिक्टर यांनीही केलं. इतकी वर्षं गेली, पण ते आपल्या विद्यार्थिनीला विसरले नव्हते.

मुंबईच्या आरे दूध योजनेलाही दुधाचा दर्जा राखण्यासाठी कमलाबाईंनी सल्ला दिला. आणि मग त्यांचं काम प्रयोगशाळेतून आपल्यासारख्या गृहिणींपर्यंत आलं. १९६६ साली मुंबईत नऊ जणींनी मिळून ग्राहकांसाठी एक संस्था काढली, कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया. ग्राहकांच्या हक्कांसाठी काम करणारी देशातली ही सगळ्यात जुनी संस्था. ग्राहक संरक्षण कायदा आला १९८६ साली, म्हणजे या बायका कायद्याच्या वीस वर्षं पुढे होत्या! कमलाबाई या कामात मनापासून उतरल्या. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या, आणि संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकात ग्राहकांना सावध करणारे लेख लिहीत होत्या.

केंब्रिजची डॉक्टर बाई, पेशीतल्या लोहाचा माग काढणारी, ती आता भेसळीपासून सावध राहायला शिकवत होती. मला यात काही उतरणं वाटत नाही. हे एकच काम आहे. दुकानदार सांगतो म्हणून दूध शुद्ध मानू नका, तपासा. आपल्याला घरीसुद्धा काही गोष्टी तपासता येतात. दुधात पिठूळ पदार्थ मिसळला असेल तर थंड केलेल्या दुधात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकले की रंग निळा होतो. तिखट पाण्यात टाकलं आणि विटेची भुकटी असेल तर ती ग्लासाच्या तळाशी बसते, बोटाने चोळून पाहिलं तर खरखरीत लागते. वर्षाची चटणी बाहेरून विकत घेणाऱ्यांनी एवढं तरी करून पाहावं.

शेवटची वर्षं कमलाबाईंनी शांतपणे काढली. बाहेरच्या जगाला त्यांचा जवळजवळ विसरच पडला होता. देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रमुखपदी डॉ. सत्यवती आल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. त्यांना कमलाबाईंची कहाणी कळली आणि त्यांनी कमलाबाईंना दिल्लीला सत्कारासाठी बोलावलं. १९९८ सालच्या त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच काळाने, जून महिन्यात, गेल्या. आयुष्यभर वाट पाहिलेला मान मिळाला तो एका बाईच्या हातून, आणि तोही निघायच्या वेळी. २०२३ साली १८ जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, गूगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचं चित्र लावलं, तेव्हा कितीतरी लोकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

आता थोडं आपल्याबद्दल. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि पाळी येत असलेल्या बाईला २९. म्हणजे जवळजवळ दीडपट! आणि घरात वाढताना काय होतं? रश्शातले चांगले तुकडे कर्त्या पुरुषाला, मग मुलांना, आणि सगळ्यांचं झाल्यावर तळाला राहिलेलं आपल्याला. ज्याची गरज जास्त त्याच्या ताटात कमी. याचा परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. निम्म्याहून जास्त!

शिबिरात बायका येतात आणि बोट पुढे करायच्या आधीच सांगतात, मला काही होत नाही हो, उगीच कशाला टोचता. घरात साखर किती उरली, तेल किती लागलं, दुधाचा खाडा किती झाला, सगळा हिशेब तोंडपाठ असतो. पण स्वतःचं हिमोग्लोबिन किती, हे विचारलं तर उत्तर नसतं. मग तपासलं की कुणाचं आठ निघतं, कुणाचं नऊ. एरवी ते बारा असावं लागतं, गरोदरपणी निदान अकरा तरी. बरीच वर्षं थकवा सोसून त्या तो आपला स्वभावच समजत असतात. कुणी आळशी म्हणतं, कुणी नखरे म्हणतं. मोजल्यावर कळतं की आळस नव्हता, अंगात लोह नव्हतं.

कमलाबाईंना मोजून न बघताच नाकारलं गेलं होतं. त्यांनी त्याचं उत्तर भाषणांनी दिलं नाही. दुर्लक्षित डाळी, दुर्लक्षित नीरा, गरिबांचं ताट, जे जे लोकांनी न मोजता हलकं ठरवलं होतं ते त्यांनी आयुष्यभर मोजून दाखवलं. आपल्या घरातही न मोजलेलं बरंच काही आहे. आपलं रक्त आहे, आपल्या ताटातला घास आहे, आणि आपल्या मुलीची हुशारीही आहे. दहावीनंतर सायन्सला जायचं म्हणते, पण कॉलेज लांब आहे, रात्री प्रयोगशाळेत थांबावं लागेल, मुलीच्या जातीला झेपेल का, असं म्हणून आपणच घरातले रामन होतो की काय, याचा विचार करायला हवा. याच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं होतं. त्या गावच्या आपण लेकी-सुना. शाळेच्या पुढची वाट आपण नाही मोकळी करायची तर कुणी करायची?

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं करा. या महिन्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन स्वतःचं आणि वयात आलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि तो आकडा दुधाच्या हिशेबाच्या वहीत तारखेसकट लिहून ठेवा. कमी निघाला तर लाजू नका, डॉक्टर देतील त्या गोळ्या पूर्ण घ्या. आणि आज रात्रीपासून मोडाच्या उसळीची पहिली वाटी स्वतःच्या ताटात वाढून घ्या, वर लिंबू पिळायला विसरू नका. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा.